वॉरंटवर नेमलेली परंपरा

जून 2025 मध्ये नेदरलँड्सने 119 वस्तू नायजेरियाला परत केल्या. 1897 साली इंग्रजी फौजेने बेनिन शहर लुटले, ओबा ओव्होनराम्वेन या तिथल्या राजाला कालाबारला हद्दपार केले आणि राजवाड्यातली पितळी शिल्पे, मुखवटे, कोरीव हस्तिदंत युरोपभर विकले. त्या लुटीतल्या या वस्तू. जर्मनीने 2022 मध्येच परतफेडीला सुरुवात केली होती. अशा बातम्या आपल्याकडे आवडीने वाचल्या जातात. 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यात आली, तेव्हा ती नेमकी 'तीच' का आणि आपलीच असतील तर उसनी का, यावर इथेही पुष्कळ खल झाला. लुटलेली वस्तू ज्याची त्याला मिळाली पाहिजे, यात वाद घालण्यासारखे काही नाही. पण युरोपने आफ्रिकेच्या संस्कृतीचे काय केले, ही चर्चा दरवेळी संग्रहालयाच्या काचेपाशी येऊन थांबते, हे मला खटकते. पुतळा खोक्यात घालून विमानाने परत पाठवता येतो. आपली रीत आपण ठरवण्याचा, ती वेळेनुसार बदलण्याचा समाजाचा हक्कच काढून घेतला असेल, तर तो परत कसा करणार?

युरोपियनांनी आफ्रिकेच्या परंपरा मोडल्या, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ते खरेच आहे. पण त्यांनी बऱ्याच परंपरा 'जपल्या' सुद्धा, आणि माझ्या मते त्या जपणुकीने केलेले नुकसान मोडतोडीपेक्षा जास्त टिकाऊ ठरले. मोडलेली गोष्ट मोडलेली दिसते. सरकारी कागदावर चढवून, सही-शिक्का मारून जपलेली रीत मात्र पन्नास वर्षांत 'पूर्वापार' होऊन बसते.

आग्नेय नायजेरियातल्या ओलोको गावाचे उदाहरण घेऊ. नोव्हेंबर 1929. न्वान्येरुवा नावाची एक विधवा घरी पामचे तेल काढत होती. गावच्या मुख्याने, ओकुगोने, पाठवलेला माणूस तिच्याकडे आला आणि म्हणाला, तुझ्या शेळ्या-मेंढ्या मोज, घरातली माणसे मोज. या मोजणीमागे काय असते हे तिला ठाऊक होते. 1926 मध्ये अशीच मोजदाद झाली होती, तेव्हा त्या मोजणीचा कराशी काही संबंध नाही असे सांगितले गेले, आणि 1928 पासून पुरुषांवर कर बसला. आता पाळी बायकांची, असा अर्थ तिने काढला. तिने विचारले, तुझ्या आईला मोजले होते का कुणी? शब्दाला शब्द वाढला, झटापट झाली. न्वान्येरुवा तडक गावच्या बायकांच्या बैठकीकडे गेली. बायकांनी पामची पाने गावोगाव धाडली. पान ज्या गावी पोचेल तिथल्या बायकांनी निघायचे, असा तो सांगावा होता.

हजारो बायका निघाल्या. तोंडाला काजळी फासलेली, डोक्याला रानातली पाने गुंडाळलेली, हातात पामचे झावळे बांधलेल्या काठ्या. त्यांनी ओकुगोच्या घराला वेढा दिला आणि रात्रंदिवस त्याची टर उडवणारी गाणी गात, नाचत बसून राहिल्या. इग्बो ही तिथली जमात, आणि इग्बो बायकांचा हा जुना हक्क होता. बाजाराचा नियम मोडणारा, बायकोला बेदम मारणारा, दुसऱ्याच्या पिकात गुरे सोडणारा कुणी पुरुष असेल तर बायका जमून 'त्याच्यावर बसत'. त्याच्या दारात मुसळे आपटायची, त्याच्या पुरुषपणाची खिल्ली उडवायची, वेळ पडल्यास छप्पर उचकटायचे. तो चूक कबूल करेपर्यंत हलायचे नाही. गावातला एकही पुरुष मध्ये पडत नसे. कायदा मोडल्याची नव्हे, कायदा चालवण्याची ही पद्धत होती.

इंग्रज अधिकाऱ्यांना तिथे फक्त बेभान जमाव दिसला. ओकुगोवर खटला भरून त्याला दोन वर्षांची शिक्षा दिली गेली खरी. पण लोण ओवेरी आणि कालाबार प्रांतांत पसरले, इबिबिओ आणि इतर जमातींच्या बायकाही उतरल्या, ठिकठिकाणची 'देशी न्यायालये' मोडली-जाळली गेली, आणि डिसेंबरात फौजेने गोळ्या झाडल्या. पन्नासहून जास्त बायका मेल्या. त्यातल्या सर्वाधिक ओपोबो इथे, एकाच दिवशी.

बायकांचा राग ओकुगोवर एवढा का होता, ते समजून घ्यायला हवे, कारण सगळी मेख तिथे आहे. इग्बो मुलुखात बहुतेक ठिकाणी राजा नव्हताच. 'इग्बोंना राजा नसतो' ही त्यांची म्हणच आहे. गावचा कारभार गावसभेत चाले, समवयस्कांचे गट असत, मान मिळवलेल्यांच्या मंडळ्या असत, देवाचा कौल लावला जाई. वाद घालत, मन वळवत निर्णय होई. या सगळ्यात अधिकारी भेटणार कुणाला? साहेबाला समोर एक माणूस लागतो, ज्याच्याकडून कर घेता येईल, ज्याला मजूर पुरवायला सांगता येईल, चुकला तर ज्याचा कान धरता येईल. म्हणून तो माणूस तयार केला गेला. एकेका गावातला एकेक पुरुष निवडायचा, त्याला सरकारी वॉरंट म्हणजे नेमणुकीचा कागद द्यायचा, टोपी द्यायची आणि देशी न्यायालयात बसवायचा. 'वॉरंट चीफ' हे त्यांचे नावच पडले. कुणाला गावाने मान दिला म्हणून नेमले, असे क्वचित. पुष्कळदा जो आधी पुढे आला किंवा ज्याला गावाने गोऱ्यांची ब्याद टाळायला पुढे ढकलले, तो मुख्य झाला. आणि मग तोच 'पारंपरिक' मुख्य म्हणून दप्तरी लागला.

या पद्धतीला तत्त्वज्ञानाचा मुलामा दिला फ्रेडरिक लुगार्डने. हा गृहस्थ 1858 मध्ये मद्रासला जन्मला, हिंदुस्थानात फौजेत नोकरी केली, आणि 1914 मध्ये उत्तर-दक्षिण नायजेरिया एक करून तिचा कारभारी झाला. देशी लोकांवर त्यांच्याच मुख्यांमार्फत, त्यांच्याच रीतींनी राज्य करावे, असे त्याचे सूत्र. संस्थानिकांना हाताशी धरून कारभार करण्याची विद्या इंग्रजांनी आपल्याकडे आधीच घोटून पक्की केली होती. उत्तर नायजेरियात अमीर, म्हणजे मुस्लिम राजे होते, त्यांचे दरबार, काझी, करवसुली होती. तिथे हे जमून गेले. दक्षिणेत अमीर नव्हते, तर सरकारने ते बनवले. ऐकायला किती सभ्य वाटते, 'त्यांच्याच रीतींनी'! त्यांच्या म्हणजे नेमक्या कुणाच्या, हे कोण ठरवणार, एवढा एकच तपशील त्यात वगळलेला होता.

तो तपशील बायकांच्या बाबतीत सर्वात ठळक दिसतो. इग्बो गावात एकाच कुळातल्या लेकींची संघटना असे, त्या गावात लग्न होऊन आलेल्या सुनांची वेगळी असे, बाजार बायकांच्या हातात असे. नायजर नदीच्या पश्चिमेला काही गावांत 'ओमू' हे बायकांच्या प्रमुखाचे पदही होते. वॉरंटे वाटताना हे काहीच दिसले नाही, कारण व्हिक्टोरिया राणीच्या काळात वाढलेल्या साहेबाच्या डोक्यात राज्यकारभार हे पुरुषांचेच काम होते. अपवाद म्हणून एनुगू-एझिकेच्या अहेबी उग्बाबेकडे बोट दाखवतात. 1918 मध्ये वॉरंट मिळालेली ती एकमेव बाई. ती लहानपणी गाव सोडून इगाला मुलुखात पळाली, तिथली भाषा शिकली, इंग्रजांबरोबर परतली आणि चढत चढत राजपदाला पोचली. तिने बायका केल्या. स्त्रीने स्त्रीशी लग्न लावून तिची मुले आपल्या नावावर घेणे ही इग्बोंमध्ये मान्य रीत होती. पण पुढे तिने स्वतःचा मुखवटा नाचवायला काढला, जे काम फक्त पुरुषांचे, तेव्हा गावच्या पुरुषांनी तो हिसकावला आणि गोरा अधिकारी त्यांच्याच बाजूने उभा राहिला. अहेबीला मी काही नायिका मानत नाही. बेगारीवर लोकांना राबवून घेण्यात ती इतर वॉरंटवाल्यांपेक्षा कमी नव्हती. पण तिच्या आयुष्यावरून एक कळते. 1900 च्या आसपास त्या समाजात बाई-पुरुषाच्या जागा जितक्या हलत्या होत्या, तितक्या 1930 नंतर उरल्या नाहीत.

या बनावाची पद्धत आपल्याला परकी वाटू नये. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनच्या काळात आर्थर स्टीलने पुण्याचे शास्त्री आणि जातीजातींचे प्रमुख यांना विचारून दख्खनच्या रूढींचा ग्रंथ तयार केला, 1827 मध्ये. विचारले कुणाला? शास्त्र्यांना आणि प्रमुखांना. जातीतल्या बायकांना, गावकुसाबाहेरच्यांना काय म्हणायचे होते ते दप्तरात कितीसे आले असेल? आणि पुढे रखमाबाईंचे प्रकरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. नवऱ्याकडे नांदायला जायला नकार देणाऱ्या रखमाबाईंच्या बाजूने 1885 मध्ये न्या. पिन्ही यांनी निकाल दिला, तो देताना त्यांनी म्हटले होते की बायकोला जबरदस्तीने नांदायला पाठवण्याचा हा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नाहीच, इंग्रजी कायद्यातून आलेला आहे. पण पुण्यातले सनातनी, त्यात 'केसरी'कार टिळकही, तो दावा आपला धर्म म्हणून लढवत राहिले. 1887 मध्ये न्यायालयाने फर्मावले, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. विलायतेतून आलेली गोष्ट इथल्या पुरुषांना सोयीची असली की तिला सनातन व्हायला किती थोडा वेळ लागतो!

दक्षिण आफ्रिकेतल्या नातालमध्ये हेच आणखी पद्धतशीरपणे झाले. थिओफिलस शेपस्टोन हा तिथला अधिकारी 1840 च्या दशकापासून तीस वर्षे देशी लोकांचा कारभार पाहत होता. त्याच्या धोरणातून 1878 ची 'देशी कायद्याची संहिता' निघाली आणि 1891 मध्ये तिला पक्के कायद्याचे रूप मिळाले. तीत बाई ही कायमची अज्ञान ठरली, म्हणजे आधी बापाच्या, मग नवऱ्याच्या, मग मुलाच्या ताब्यात. नातालचा गव्हर्नर स्वतःच सर्व जमातींचा 'सर्वोच्च मुख्य' बनला. इंग्लंडहून आलेला गोरा माणूस झुलूंच्या परंपरेचा अंतिम अधिकारी! लोबोलाचे, म्हणजे लग्नात मुलीच्या घरी द्यायच्या गुरांचे, तसेच. आधी किती गुरे द्यायची, कधी द्यायची हे दोन्ही घरे ठरवत. वर्षानुवर्षे थोडीथोडी दिली जात, दुष्काळ पडला तर थांबत, कधी पुढच्या पिढीवर जात. त्या लांबलेल्या देण्यामुळेच दोन घरांचे येणेजाणे टिके. 1869 च्या नियमांनी आकडा ठरवून टाकला, सामान्य माणसासाठी दहा गुरे, आणि लग्नाच्या दिवसापर्यंत सगळा हिशेब चुकता. मुलीच्या आईची एक गाय धरून अकरा. आज झुलू घरांत 'अकरा गायी' हा परंपरेचा आकडा म्हणून सांगितला जातो, गायींऐवजी रँडमध्ये पैसे मोजले जातात, आणि तेवढे साठेपर्यंत लग्न रखडलेली कितीतरी जोडपी असतात. हा आकडा एका वसाहती कचेरीत ठरला, याची आठवणही कुणाला नसते.

1927 च्या कायद्याने हेच सूत्र देशभर नेले. वारसा थोरल्या पुरुष वारसालाच, हा नियम त्याच कायद्याच्या एका कलमात होता. तो किती काळ टिकला? वर्णभेदी राजवट गेली, मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले, नवे संविधान आले, तरी हे कलम जागेवर होते. केपटाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीत 2002 मध्ये एक गृहस्थ वारले. मागे दोन अज्ञान मुली आणि त्यांची आई. आजोबांनी दावा केला की रूढीप्रमाणे वारस मी, आणि घर विकून अंत्यविधीचा खर्च भागवायचे ठरवले. 2004 मध्ये संविधान न्यायालयाने 'भे' खटल्यात ते कलम रद्द केले. निकालातला मला सर्वात मोलाचा वाटणारा भाग असा: पुस्तकात छापलेला 'अधिकृत' रूढीचा कायदा वेगळा आणि लोक प्रत्यक्ष जगतात ती रूढी वेगळी. पूर्वी वारस सगळे घेत असेल तर सगळ्यांना सांभाळण्याची जबाबदारीही त्याच्यावर असे. संहितेत हक्क उतरला, जबाबदारी बाहेर राहिली.

रवांडाचे उदाहरण सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. हुतू आणि तुत्सी हे भेद बेल्जियनांनी शून्यातून निर्माण केले, असे म्हणणे सोपे पण चूक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रवाबुगिरी राजाच्या काळातच हुतूंवर बेगार लादून ते भेद घट्ट होऊ लागले होते. पण गुरेढोरे मिळवून माणूस एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जाऊ शकत असे, निदान काही जात. 1930 च्या दशकात बेल्जियनांनी ओळखपत्रांवर जमात छापली आणि ती वाट बंद केली. 1994 मध्ये रस्तोरस्ती उभ्या केलेल्या नाक्यांवर तीच ओळखपत्रे तपासून माणसे कापली गेली.

गोठण्याचा दुसराही एक प्रकार आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे फार बोलले जात नाही. बाहेरचा माणूस एखाद्या रीतीवर घाव घालतो तेव्हा आतली माणसे तीच रीत छातीशी धरतात. केनियात 1929 मध्ये स्कॉटिश मिशनऱ्यांनी किकुयू जमातीतल्या ख्रिश्चनांना सांगितले, मुलींची सुंता सोडल्याची शपथ घ्या, नाहीतर चर्च आणि शाळा बंद. मिशनऱ्यांची काळजी खोटी नव्हती. त्या प्रकारात मुलींचे हाल होत, जीव जात. पण त्याच गोऱ्यांनी किकुयूंच्या जमिनी बळकावल्या होत्या. किकुयूंनी मिशनच्या शाळा सोडून स्वतःच्या स्वतंत्र शाळा काढल्या, आणि मुलींची सुंता हा जमिनीच्या, मानाच्या लढ्याचा भाग होऊन बसला. 1956 मध्ये मेरू भागात वडीलधाऱ्या पुरुषांच्या सभेने सरकारच्या सांगण्यावरून बंदी घातली, तेव्हा किशोरवयीन मुलींनी ब्लेडने आपसांतच ते उरकले. 'ङाइताना' म्हणत त्यांना, स्वतःच स्वतःची सुंता करणाऱ्या. केनियात आज 2011 च्या कायद्याने ही प्रथा गुन्हा आहे. मला तो कायदा योग्य वाटतो. पण 1929 चा तो दट्ट्या नसता, तर समाजातल्याच बायकांनी ही गोष्ट वीस-तीस वर्षे आधी सोडवायला घेतली असती का, हा विचार मनातून जात नाही. संमतिवयाच्या कायद्यावरून 1891 मध्ये आपल्याकडे जे रण माजले, ते ज्यांना माहीत आहे त्यांना हे गणित नवे नाही.

आता दुसरी बाजू. एक आक्षेप असा येतो की वसाहतीपूर्वीची आफ्रिका म्हणजे काही रामराज्य नव्हते. नव्हतेच. इग्बोंमध्ये 'ओसू' म्हणून देवाला वाहिलेले लोक असत, त्यांच्याशी रोटी-बेटी व्यवहार नाही. 1956 मध्ये पूर्व नायजेरियाच्या विधिमंडळाने कायद्याने ही प्रथा रद्द केली, तरी लग्न ठरवताना आजही चौकशी होते. जुळ्यांना रानात टाकत. गुलामांच्या व्यापारात किनाऱ्यावरचे राजे आणि इग्बोंमधल्या आरो गटाचे व्यापारी पुरेपूर सामील होते. हे सगळे मान्य करूनही मुद्दा उरतो. जुन्या समाजात अन्याय होता, तसा त्या अन्यायाशी भांडायच्या जागाही होत्या: गावसभा, बायकांची बैठक, दुसरीकडे जाऊन वस्ती करण्याची मोकळीक. वॉरंटने अन्याय ठेवला आणि भांडायची जागा काढून घेतली. आता मुख्य खाली कुणाला जबाबदार नव्हता; त्याचा मालक वर, जिल्ह्याच्या बंगल्यात बसला होता.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. बहुतेक देशांना स्वातंत्र्य मिळून साठ वर्षे झाली, अजून किती दिवस गोऱ्यांच्या नावाने बोटे मोडायची? या आक्षेपात तथ्य आहे. वसाहतीचा हा वारसा टिकला कारण नव्या राज्यकर्त्यांनाही तो सोयीचा होता. 1929 च्या उठावानंतर इंग्रजांनी वॉरंट चीफ बंद केले. गंमत म्हणजे 1976 च्या स्थानिक शासन सुधारणांनंतर स्वतंत्र नायजेरियातल्या सरकारांनी इग्बो मुलुखात पुन्हा 'पारंपरिक राजे' नेमले, मान्यतेचे प्रमाणपत्र आणि मानदंड देऊन. आपल्या गावाला वेगळा राजा हवा म्हणून गावांची फाळणी करून घेणे हा तिथे आता राजकारणाचा नेहमीचा डाव आहे. म्हणजे ज्यांना राजा नव्हता, त्यांच्या परंपरेत आज शेकडो राजे आहेत. हा दोष लुगार्डच्या माथी मारता येणार नाही.

समलिंगी संबंधांच्या कायद्यांतही हाच बनाव दिसतो. युगांडाने 2023 मध्ये केलेल्या कायद्यात काही प्रकारांसाठी थेट फाशी आहे, आणि त्याचे समर्थन 'आफ्रिकी संस्कृतीचे रक्षण' म्हणून केले जाते. पण तिथे त्याआधी असलेले 'निसर्गक्रमाविरुद्ध' संबंधांचे कलम कुठले? मेकॉलेच्या मसुद्यातून आलेल्या हिंदुस्थानी दंडसंहितेच्या 377 व्या कलमाचेच ते भावंड. केनिया-युगांडात 1930 पर्यंत आपलीच दंडसंहिता चालत होती. आपण ते कलम 2018 मध्ये बोथट केले. बोत्स्वानाच्या उच्च न्यायालयाने 2019 मध्ये त्यांचे कलम रद्द केले, त्याच वर्षी केनियाच्या न्यायालयाने मात्र ते कायम ठेवले. केंब्रिजमध्ये शिकलेल्या एका इंग्रजाच्या नीतिकल्पना कंपाला-नैरोबीतले खासदार पूर्वजांचा वारसा म्हणून लढवतात, तेव्हा हसावे की रडावे कळत नाही.

आणि जमीन. शेवटी सगळे तिथेच येते. क्वाझुलू-नातालमध्ये 1994 च्या निवडणुकीच्या तोंडावर इंगोन्यामा ट्रस्ट स्थापन झाला. प्रांताच्या जवळपास तीस टक्के, सुमारे 28 लाख हेक्टर जमीन त्याच्याकडे, आणि झुलू राजा एकमेव विश्वस्त. ही जमीन म्हणजे गोऱ्यांनी आखून दिलेल्या राखीव पट्ट्यांची बेरीज. तिथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांना पुढे सांगण्यात आले की भाडेकरार करा आणि वर्षाला भाडे भरा. आपल्याच परड्याचे भाडे! 2021 मध्ये पीटरमारित्झबर्गच्या उच्च न्यायालयाने हे भाडेकरार बेकायदा ठरवले. त्या जमिनीवर रूढीने हक्क राहणाऱ्यांचा आहे, ट्रस्टचा नाही, असे न्यायालयाने सांगितले. तरी संसदेने मंजूर केलेल्या पारंपरिक न्यायालयांच्या नव्या कायद्यात एक जुनी खोड राहिलीच. मुख्याच्या न्यायालयात न जाता सरकारी न्यायालयात जाण्याची मुभा आधीच्या मसुद्यात होती, ती पुढे काढून टाकली. शेपस्टोनला हे वाचून बरे वाटले असते.

मग करायचे काय? सगळ्या रूढी मोडीत काढून एकच आधुनिक कायदा आणा, असे म्हणणारे तिथेही आहेत. मला ते पटत नाही, कारण आफ्रिकेतल्या कोट्यवधी लोकांची लग्ने, वाटण्या, तंटे आजही रूढीनेच चालतात आणि सरकारी न्यायालय त्यांना पैशाने आणि अंतराने परवडत नाही. 'मूळ' परंपरेकडे परत चला म्हणणाऱ्यांचे तर त्याहून पटत नाही. मूळ म्हणून ते जे दाखवतात त्याखाली बहुधा एखाद्या कमिशनरची सही असते. मला वाटते मागणी एवढीच असावी की रीत ठरवण्याच्या बैठकीत सगळ्यांना जागा हवी, आणि ती बदलण्याचा हक्क ती जगणाऱ्यांकडे हवा. नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये इग्बो मुलींना बापाच्या मालमत्तेत वाटा नाकारणारी रूढी घटनाबाह्य ठरवली, ते चांगलेच झाले. पण वरून आलेल्या निकालापेक्षा मला दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतातल्या वालोयी लोकांची गोष्ट मोठी वाटते.

वालोयींचा मुख्य फोफोझा न्वामित्वा 1968 मध्ये वारला. मुलगा नव्हता, थोरली मुलगी फिलिया होती. रूढीप्रमाणे पद गेले धाकट्या भावाकडे, रिचर्डकडे. 1996 मध्ये राजघराण्याने ठराव केला: पूर्वी आमच्यात मुलगी वारस होत नसे, पण नव्या संविधानात मुलगी मुलाच्या बरोबरीची आहे, म्हणून पुढचे पद फिलियाचे. जमातीच्या सभांनीही ते उचलून धरले. 2001 मध्ये रिचर्ड वारला आणि त्याचा मुलगा सिडवेल न्यायालयात गेला. त्याचे म्हणणे सरळ होते, आमच्या परंपरेत असे कधी झालेले नाही. उच्च न्यायालयाने ते मानले, सर्वोच्च अपील न्यायालयानेही मानले. दोन्हीकडे हिशेब एकच होता: परंपरा म्हणजे पूर्वी जे झाले ते. जून 2008 मध्ये संविधान न्यायालयाने तो फिरवला. रूढी काय आहे हे ठरवताना मागचा इतिहास पाहावाच लागेल, पण आपली रूढी पुढे नेण्याचा अधिकार जमातीच्या अधिकाऱ्यांना आहे आणि वालोयींनी तो वापरला आहे, असे न्यायालयाने म्हटले. फिलिया शिलुबाना मुख्य झाल्या. एका जमातीने स्वतःच्या रीतीत स्वतः केलेला बदल अमलात यायला बारा वर्षे आणि तीन न्यायालये लागली.